मुरमाची जागा

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी मार्थाबाईंचं नाव घेईन. आजही घेईन. धुळ्याच्या बोर्डिंगात त्या मुख्याध्यापिका होत्या. आम्ही महारवाड्यातून ख्रिस्ती झालेल्या घरांची पोरं. जेवायला आमची पंगत वेगळी बसायची. तसं कोणी सांगितलेलं नव्हतं, पण बसायची. एक दिवस बाई स्वतःचं ताट घेऊन आल्या आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसल्या. रोज बसू लागल्या. महिनाभरात पंगत एक झाली. पुढं जळगावला कॉलेजात मला त्यांनीच धाडलं. मी बी.ए. झालो, एरंडोलला मास्तर झालो. हे आधी सांगतो, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात बाईही आहेत.

बापाला माती देऊन मी नाल्यावरून परत येत होतो. हातांची माती निघाली नव्हती. कबरस्तानाच्या फाटकात मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, सेक्रेटरी उभे होते. सगळे त्यांना नाना म्हणत. मला वाटलं, दोन शब्द बोलतील.

नाना म्हणाले, "मास्तर, ईस्टरला दहा दिवस राहिले. चुन्याचं काय? तुझा बाप एव्हाना भिजवून ठेवायचा."

मी हातांची माती झाडू लागलो.

"तू आहेस तोवर उरकून घे. सुट्टी असेलच ना, बाप मेल्याची?"

आमचं गाव धुळ्याच्या अलीकडं. तिथल्या मंडळीत दोन थर. जुने म्हणजे ज्यांचे आजे-पणजे ख्रिस्ती झाले ते. मास्तर, कंपाउंडर, नर्सबाया. ते सांगत, आम्ही मुळात वरच्या जातीचे. नवे म्हणजे आम्ही. कबरस्तानाला दगडी भिंत. आत जुने. आम्ही भिंतीबाहेर, नाल्यापलीकडं.

माझा बाप मंडळीचा कबर खोदणारा. तीस वर्षं त्यानं भिंतीच्या आतले खड्डे खोदले. ईस्टरच्या आधी आतल्या प्रत्येक कबरीला चुना मारायचा हेही त्याचंच काम. ईस्टरच्या दिवशी सूर्य उगवायच्या वेळी सगळी मंडळी तिथं जमते. पांढऱ्याशुभ्र कबरींमध्ये उभं राहून प्रभूच्या पुनरुत्थानाची गाणी गाते. नवे लोक फाटकाशी उभे राहतात. नाल्यापलीकडं चुना नाही, दगड नाही, काही नाही.

बापाला जमीन कळायची. नाल्यापलीकडं काळी माती. कुदळ लोण्यात गेल्यासारखी जाते आणि पावसात सगळं खचतं. बाप म्हणायचा, "काळी मातीमा माणूस ऱ्हास नही." भिंतीच्या आत कोपऱ्यात एक जागा होती, हातभर खाली कडक मुरूम. खोदायला दोन दिवस लागतील म्हणून कोणी ती घेत नसे. बापानं मला एकदा ती दाखवली होती. "हाई जागा मन्ही. आठे कोणी येवाव नही."

त्यानं आयुष्यात स्वतःसाठी एवढंच मागितलं. जी कोणालाच नको ती जागा.

बाप गेल्याची तार मिळाली आणि मी एसटीनं दुपारी गावात पोचलो. तसाच पाळकसाहेबांच्या ओसरीवर गेलो. कमिटी जमली होती. पाच माणसं. पाचव्या मार्थाबाई. रिटायर होऊन त्या आमच्याच गावी राहायला आल्या होत्या. त्यांना बघून माझा जीव भांड्यात पडला.

मी म्हणालो, "नाना, तिथं मुरूम आहे. तुमच्यापैकी कोणी ती जागा घेणार नाही. खड्डा मी खणतो."

"प्रश्न मुरमाचा नाही रे," नाना म्हणाले. "आज तुझा बाप. उद्या अख्खी वस्ती येईल."

पाळकसाहेब समजुतीनं बोलले. "बाळ, पुनरुत्थानाच्या दिवशी प्रभू भिंत बघणार नाही. आत निजलेले, बाहेर निजलेले, सगळे एकदमच उठतील."

"मग आत निजू द्या, साहेब. प्रभूला फरक पडत नसेल तर."

नाना हसले. बाईंकडं वळून म्हणाले, "शिकवून ठेवलंत, बाई. आता ऐका."

मग त्यांनी मत घेतलं. जागा द्यायची नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावा. चार हात वर गेले. पाचवा थोडा उशिरा गेला. खांद्यापर्यंतच. बाई तेव्हा स्वतःच्या पदराचं टोक बघत होत्या.

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ दे, भाऊ. ऊन तपी ऱ्हायनं. मढं कितला येळ ठेवशी? वर बठ्ठा एकच शेतस, साहेब सांगतस ना." वर सगळे एकच, हेच ती धरून बसली.

गावच्या ख्रिस्ती लोकांचे खड्डे खोदणाऱ्याचा खड्डा खोदायला माणूस नव्हता. मी आणि माझा चुलतभाऊ वसंत, आम्ही खोदला. काळ्या मातीत. तासाभरात झाला.

आणि परत येताना फाटकात नाना. चुन्याचं विचारत.

मी चुना मारला नाही. पण वसंतनं मारला. मी त्याला विचारलं, "का गेलास?" तो म्हणाला, "त्यासनी बलायं. नही कसं म्हनू, भाऊ? तू जाशी एरंडोलले. आमले आठेच ऱ्हानं शे."  

त्या ईस्टरला बायबलातलं वचन वाचायचा मान माझा, हे दोन महिने आधीच ठरलं होतं. नव्या लोकांतला पहिला पदवीधर. बाईंनीच नाव सुचवलं होतं. शनिवारी त्यांनी निरोप धाडला, "वाचायला नक्की ये. वडिलांच्या आत्म्याला बरं वाटेल."

मी गेलो. धुतलेला सदरा घालून गेलो. ईस्टरला पहिल्यांदाच भिंतीच्या आत, मधोमध उभा राहिलो. उजाडत होतं. वसंतच्या हातचा चुना चमकत होता. कोपऱ्यातली ती जागा तशीच होती, रिकामी, गवत वाळलेलं.

मी वाचायला लागलो. प्रभूचं शरीर खाली काढलं. एक श्रीमंत माणूस आला. त्यानं स्वतःसाठी खोदून घेतलेली कबर प्रभूला दिली. हे मी बोर्डिंगात शंभरदा वाचलं होतं. त्या दिवशी डोळे तिथंच अडकले. प्रभू मेला तेव्हा त्याच्याजवळ स्वतःची हातभर जमीन नव्हती. गुन्हेगार म्हणून मारलेला माणूस. आमच्या मंडळीकडं त्याला आणला असता तर नानांनी मत घेतलं असतं.

मी पुस्तक मिटलं.  एवढंच म्हणालो, "प्रभूला दुसऱ्यानं स्वतःची कबर दिली. तुम्ही माझ्या बापाला मुरूमसुद्धा दिला नाही. उठल्याचं मी वाचणार नाही. ज्याला पुरायला जागा नाही त्याच्या उठण्याचं तुम्ही गाणं म्हणू नका."

काही झालं नाही. कोणी ओरडलं नाही. नानांनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं, चष्मा लावला आणि पुढचं वाचलं. मग गाण्यासाठी बाजाची पेटी वाजली. मी फाटकातून बाहेर पडलो तेव्हा आई तिथं उभी होती. ती माझ्याकडं बघत होती आणि त्यांच्याबरोबर गात होती.

आषाढात बापाची माती खचली. मी दोनदा भर टाकली. तिसऱ्यांदा जागा नेमकी कुठं, तेच कळेना.

लहानपणापासून मला सांगितलं गेलं होतं की मेलेले उठतात. कधी? शेवटच्या दिवशी. तोवर काय? तोवर फाटकाशी उभं राहा. मला आता कळतं, ते पुनरुत्थान नव्हतं. ती आम्हाला गप्प ठेवायची सोय होती. प्रभू देहानिशी उठला, जखमांसकट उठला, असं मंडळी मानते. मग या देहाला इथं किंमत नाही आणि तिथं आहे, हे कुठलं शास्त्र? उठायचं असेल तर इथं उठावं लागेल. आणि इथं कोणी उठताना मला दिसत नाही. वसंत नाही, आई नाही. मी एकटा उठून काय होणार, तेही माहीत नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी मी एरंडोलहून बाईंना पत्र लिहिलं. ते असं.

"आदरणीय बाईंना सप्रेम सलाम.

तुम्ही माझ्या पंगतीत येऊन बसलात म्हणून मी आज हे पत्र लिहू शकतो. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. ओसरीवरचा तुमचा हातही विसरणार नाही. दोन्ही तुमचंच आहे आणि मला त्यातलं एक टाकून देता येत नाही.

तुमच्यावर काय दबाव होता ते मी विचारत नाही. तुम्ही शिकवलेलं पुनरुत्थान मी मानतो. म्हणूनच भिंत मानत नाही.

यापुढं मी त्या मंडळीत वाचणार नाही, गाणार नाही, फाटकाशीही उभा राहणार नाही. वसंतला मी अडवू शकत नाही. माझ्या घरातलं कोणी मात्र आतल्या कबरीसाठी कुदळ उचलणार नाही.

माझी आई जाईल तेव्हा मी तिला नाल्यावर नेणार नाही. तिची शवपेटी घेऊन भिंतीच्या आत येईन आणि कोपऱ्यातला मुरूम खोदीन. दोन दिवस लागले तरी खोदीन. कमिटीला अर्ज करणार नाही. अडवायचं असेल त्यानं खड्ड्यात उतरून अडवावं.

हे तुम्हाला आधी कळवतो, कारण तुमच्यापासून मी आजवर काही लपवलेलं नाही. कमिटीलाही वाचून दाखवा. घाई नाही. आई अजून हिंडती-फिरती आहे.

आपला विद्यार्थी"