मुकुटबनची तिसरी गंजी

कुंदा कळंबहून सकाळच्या एसटीनं यवतमाळला यायची, डबा टेबलाखाली सरकवायची आणि आधी कचरा वाचायला बसायची. कचरा म्हणजे टपालाचा. आमच्या कापूस संघानं सरकी काढणाऱ्या सगळ्या जिनिंगना ई-मेल दिला, तेव्हा फालतू पत्रं अडवणारी एक गाळणीही सोबत आली. ती गाळणी कुठल्या तरी परक्या शहाण्यानं बनवलेली. व्यापाऱ्याच्या पत्रात 'तातडीचे' आणि 'खास भाव' दिसलं, की ती त्यालाही लॉटरीवाल्यांच्या रांगेत उभं करायची. खरी पत्रं त्यातून शोधून सोडवणं हे कुंदाचं काम.

अडवलेल्या पत्रांची नोंद एक्सएमएल नावाच्या पद्धतीनं राहायची. नावाला घाबरायचं कारण नाही. प्रत्येक गोष्टीला एक उघडती खूण, एक मिटती खूण, मधे मजकूर. कोणी पाठवलं, विषय काय, का अडवलं. मिटती खूण राहून गेली, तर संगणक अख्खी फाइलच वाचायला नकार देतो. कुंदा त्या नोंदी तांदूळ निवडल्यासारख्या वाचायची. पन्नाशीची, एकटी, आणि इतकी भिडस्त की चहात साखर नसली तरी मुकाट्यानं प्यायची. मी संघाच्या संचालक मंडळावर होते, आणि तिच्या या मुकेपणाचा मला राग यायचा.

दोन हजार सहाचा हंगाम होता. भाव पडलेले, कापूस कोणी उचलेना, कापसाच्या गंज्या, हे भले मोठे ढीग, आवारात नुसत्या पडून. मुकुटबनच्या जिनिंगमध्ये आमचा चारुदत्त होता, कारकून कमी आणि खटपट्या जास्त. ओला कापूस दाबून राहिला की आतून तापतो. वरून काही दिसत नाही, आणि एक दिवस पेटतो. म्हणून त्यानं तिसऱ्या गंजीच्या पोटात वायर सोडून तापमान मोजायची सोय केली होती. त्याचा संगणक रोज आपोआप आकडा यवतमाळला धाडायचा. विषयाच्या जागी एवढंच: गंजी तीन, अमुक अंश.

दिवाळीनंतर चारुदत्त खुर्चीत बसल्या बसल्याच गेला. मुकुटबनच्या लोकांनी त्या जागी दिवा लावला आणि दार ओढून घेतलं. गेलेल्याच्या जागेवरचं हलवायचं नाही, म्हणून चालू संगणकही कोणी बंद केला नाही. तेरावा झाला, तरी त्या खोलीत जायला कोणी धजेना. इकडे आमचे व्यवस्थापक कमलाकरराव नियमाचे पक्के. मृत्यूचा दाखला आल्याबरोबर त्यांनी चारुदत्तचं ई-मेलचं खातं बंद करायला लावलं. झालं, तिकडून संगणक पाठवत राहिला आणि इकडे गाळणी अडवत राहिली. कुंदाच्या नोंदीत रोज चारुदत्तचं नाव, आणि कारणाच्या खुणेत: प्रेषक अस्तित्वात नाही.

"मशीन आहे ते, पुसून टाका," कमलाकरराव म्हणाले. "आणि बाहेर बोलू नका. लोक आधीच धास्तावलेत."

कुंदानं पुसलं नाही. ती आकडे बघत राहिली. अडतीस. मग त्रेचाळीस. मग बावन्न.

एका सकाळी मी सभेसाठी गेले, तर ही दारातच उभी.

"मॅडम, चारुदत्तचा आकडा एकसष्ट आलाय."

"मग तिथं फोन कर की."

"वाजतोय नुसता. फोन त्याच्याच खोलीत आहे."

त्या गंजीला टेकूनच चौकीदाराची झोपडी होती. देवराव आणि त्याची बायको कौसल्या तिथंच झोपायची. हे मला माहीत होतं, कमलाकररावांनाही माहीत होतं. गंजी फोडून बघायला हवी, असं कुंदानं त्यांना सांगितलं.

"मेलेल्या माणसाच्या मेलवरून गंजी फोडायची?" ते म्हणाले. "फोडलीत आणि आत काही निघालं नाही, तर कुंदाताई, उद्यापासून येऊ नका."

"नाही येत," कुंदा म्हणाली आणि पर्स उचलली.

माझ्या गाडीनं मुकुटबनला निघालो.  

देवराव फाटकात आला. "बाई, काहून आल्या इतक्या दुरून? गंजी तं थंडगार हाय. हात लावून पाहा."

मी हात लावला. खरंच थंड होती. कुंदानंही हात लावून पाहिला.

तेवढ्यात झोपडीच्या दारातून कौसल्या म्हणाली, "वरून थंड हाय. मले तं झोपल्यावर पाठीले ऊब लागते. थंडीचं बरं वाटते, म्हून बोलली नाही कोनाले."

"मले काहून नाही सांगतलं?" देवराव.

"तुले सांगून? तू म्हनला असता, म्हातारीले ताप आला."

कुंदानं मग कोणाचं ऐकलं नाही. आधी झोपडी रिकामी करवली, मजूर लावले, पाण्याच्या टाक्या जवळ आणवल्या. बरंच आत गेल्यावर वास आला, कढईत काही करपावं तसा. कापूस पिवळा, मग तपकिरी, मग काळा. आणि वारा लागताच झोपडीच्या बाजूला, अगदी कौसल्येची पाठ टेकायची तिथं, एक लाल डोळा उघडला. मजूर मागे पळाले. पाणी मारलं, माती टाकली. अर्धी गंजी वाचली. माणसं सगळी वाचली.

कुंदा विझलेल्या राखेत काहीतरी शोधत होती.

"वायर कुठे आहे, देवराव?"

"कोनती? साहेबाची? ते तं साहेब गेले त्याच हप्त्यात उंदरानं तोडली. मीच ओढून भिताडापाशी फेकली ना."

भिंतीपाशी ती होतीच. गंजीपासून चांगली लांब, वेटोळं घालून, टोक कुरतडलेलं, वर धुळीचा थर.

मी आयुष्यभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. तरी ते तुटकं टोक मी दोनदा हातात घेऊन पाहिलं.

आम्ही दोघी खोलीत गेलो. दिवा कधीच विझला होता. संगणक मात्र घुंई घुंई चालू, खुर्ची थोडी मागे सरकलेली. कुंदानं संगणक बंद केला, प्लग काढला, आणि खुर्ची टेबलाला लावून ठेवली. हळूच. बसलेल्याला धक्का लागू नये तशी.

कमलाकररावांनी तिला येऊ नका म्हटलं नाही. दुसऱ्या सकाळी ती नेहमीच्या एसटीनं आली आणि नोंदींची फाइल उघडेना. शेवटी तिनं ती साध्या अक्षरांत उघडून मला दाखवली. सगळ्यात खाली चारुदत्तचं नाव. विषयाची उघडती खूण. पुढे आकडा नाही, काही नाही. मिटती खूणही नाही.

"ती खूण मिटव ना हातानं," मी म्हटलं. "चार अक्षरांचं काम आहे."

तिनं कीबोर्ड माझ्यापुढे सरकवला. "तुम्ही करा, मॅडम."

कुंदानं त्या दिवसापासून नवी फाइल सुरू केली. जुनी अजून तशीच उघडी आहे.