डाव्या कोपऱ्यातलं पाणी

पाणीमास्तर आयुष्यात एकदाही हॉकी खेळले नव्हते. स्टिक हातात धरली होती ती एकदाच, पंपाच्या खोलीत शिरलेला उंदीर हाकलायला. तरी शहरातल्या स्टेडियमवर त्यांच्याशिवाय मॅच सुरू होत नसे. मैदान गवताचं नव्हतं, निळ्या टर्फचं, म्हणजे प्लास्टिकच्या धाग्यांच्या गालिच्याचं होतं. आणि टर्फ ओलं नसेल तर चेंडू जमीन धरत नाही, उड्या मारतो. म्हणून मॅचच्या आधी आणि मध्यंतराला मैदानाच्या कडेला बसवलेल्या सहा तोफा फिरवून आठ मिनिटं पाणी मारावं लागतं. हे काम बावीस वर्षं मास्तरांकडे होतं.

ते आले होते पाइप टाकणाऱ्या कंत्राटदाराचे फिटर म्हणून. पाइप टाकून झाले, कंत्राटदार बिल घेऊन गेला, आणि मग कळलं की तोफा दुसऱ्या कोणाच्याच हातून धड फिरत नाहीत. क्लबने मास्तरांना चार दिवस थांबायला सांगितलं. ते थांबले ते थांबलेच. पंपाच्या नुसत्या आवाजावरून ते टाकीत किती पाणी उरलंय ते सांगत. पाणी मारताना पंपाच्या खोलीच्या दारात, कमरेवर हात ठेवून उभे राहत आणि मैदानाचा रंग बघत. निळा रंग सगळीकडे सारखा गडद झाला की पाणी बसलं. घरचा नळ मात्र तीन वर्षं गळत होता. बायको म्हणायची, अहो, तुमच्या तोफांमधली एखादी जरा आमच्या स्वयंपाकघराकडे पण बघू दे.

हॉकीतलं त्यांना फार कळत नसे, पण उलटेराव कोण हे शहरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्याचं खरं नाव वापरणं लोकांनी कधीच सोडून दिलं होतं. स्टिकची सपाट बाजू सोडून, ती उलटी करून, जवळजवळ जमिनीवर आडवी घालून तो डाव्या बाजूने असा फटका मारायचा की गोलकीपरला फक्त मागच्या फळीचा आवाज ऐकू यायचा. एका मोसमात एकतीस गोल. आणि एकतीस गोलांइतकीच भांडणं. मोकळ्या साथीदाराला पास द्यायचा नाही. अंपायरशी हुज्जत घालायचा. गोल झाला की मिठ्या मारायला आलेल्यांना बाजूला सारून प्रेक्षकांकडे बघत कानाला हात लावायचा, म्हणजे आता बोला. निवृत्त होणाऱ्या जुन्या कप्तानाशी त्याने हात मिळवला नाही, तेव्हापासून तर शहराचे सरळ दोन तुकडे झाले. त्याचे भक्त ते उलटे आणि त्याच्या नावाने बोटं मोडणारे ते सुलटे. पूर्वेचा स्टँड उलट्यांचा, पश्चिमेचा सुलट्यांचा. एका घरातली माणसं एकत्र निघायची आणि फाटकापाशी पांगायची.

मास्तरांच्या घरातही तेच. लेक हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायची, ती कट्टर उलटी. बायकोचा भाऊ न्हावी, त्याचं सलून म्हणजे सुलट्यांची कचेरीच. मामा-भाचीची जुंपली की मास्तर पेपर उघडून बसत. त्यांना स्वतःला उलटेराव आवडत नसे. साधं कारण होतं: सात वर्षांत तो पंपाच्या दारावरून शेकडो वेळा गेला, कधी मान हलवली नाही.

मग ती मॅच आली. फायनलच्या आधीची, घरच्या मैदानावरची. शेवटची दोन मिनिटं, बरोबरी, उलटेराव डाव्या कोपऱ्यातून सर्कलमध्ये घुसला, समोर गोल उघडा. त्याने स्टिक आडवी घातली आणि चेंडू चार बोटं उडून स्टिकवरून निघून गेला. फायनल तरीही मिळाली, गुणांच्या जोरावर. पण मॅच संपल्यावर टीव्हीवाल्याने माइक पुढे केला तेव्हा उलटेराव म्हणाला की या मैदानाच्या डाव्या कोपऱ्यात पाणीच पोचत नाही, वर्षभर तो हेच बघतोय, आणि पाणी मारणाऱ्याला ते दिसत नसेल तर त्याने चष्मा करून घ्यावा.

दुसऱ्या दिवशी मास्तर सलूनमध्ये शिरले तर सगळी मंडळी उठून उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा. मेहुण्याने त्यांना खुर्चीत बसवलं, नवीन ब्लेड काढलं आणि पैसे घेणार नाही म्हणून आधीच सांगून टाकलं. स्वतःला चेंडू मारता येत नाही आणि दोष कोणाला देतो, तर गरीब पंपवाल्याला, असा एकूण सूर होता. बाकी एकवीस जणांना कधी कोपरा कोरडा लागला नाही, यालाच कसा लागला? कोणीतरी मास्तरांना विचारलं, तुम्हीच सांगा. तोंडाला फेस, गळ्याशी वस्तरा, आणि दहा माणसं कान देऊन उभी. मास्तर म्हणाले, "बावीस वर्षांत त्या मैदानाचा एक धागा मी कोरडा ठेवलेला नाही."

संध्याकाळपर्यंत हे वाक्य शहरभर झालं. रस्त्यात अनोळखी माणसं थांबून त्यांचा हात हातात घेऊ लागली. बावीस वर्षं ज्यांना मास्तर दिसले नव्हते, त्यांना आता ते लांबून दिसू लागले. खोटं कशाला बोला, मास्तरांना ते आवडलं. त्या आठवड्यात त्यांनी दोनदा इस्त्रीचा शर्ट घातला.

क्लबच्या सेक्रेटरीसाहेबांनी त्यांना बोलावून एक टाइप केलेला कागद पुढे ठेवला. मैदानावर नियमाप्रमाणे आणि सर्वत्र सारखं पाणी मारलं जातं, खेळाडूचा आरोप निराधार आहे, असं त्यात होतं. खाली मास्तरांच्या सहीला जागा. शुक्रवारी सही करायची, शनिवारी पेपरात, रविवारी फायनलच्या आधी उलटेरावला जाहीर माफी मागायला लावायची. सेक्रेटरीसाहेब स्वतः सुलटे होते, हे वेगळं सांगायला नको.

रात्री जेवताना मास्तरांनी हे कौतुकाने सांगितलं. लेकीने ते ऐकून घेतलं. मग तिने विचारलं की मोजलंय का.

मास्तर भडकले. रोज मोजतो म्हणाले. दाब साडेसात, वेळ आठ मिनिटं, वहीत बावीस वर्षांची नोंद आहे.

"ते तुम्ही सोडलेलं पाणी झालं, बाबा," ती म्हणाली. "पडलेलं कुठे मोजलंत?"

मास्तर ताटावरून उठले नाहीत, पण जेवले पण नाहीत. बायकोने लेकीला डोळ्यांनी दटावलं. लेकीने शांतपणे एवढंच सांगितलं की लॅबमध्ये मुदत संपलेल्या शंभर बाटल्या पडून आहेत, मोठ्या तोंडाच्या, लघवी तपासायच्या, कोऱ्या. हव्या असतील तर उद्या आणते. आणि हा वाद उलटेरावसाठी नाही, असंही म्हणाली. त्यावर मास्तरांचा विश्वास बसला नाही.

पण रात्रभर ते त्यांच्या डोक्यात घोळत राहिलं. सकाळी त्यांनी लेकीला सांगितलं, आण. आणि मोजायचं तर मॅचच्याच वेळेला, दुपारी चारला, कारण सकाळचा वारा वेगळा आणि दुपारचा वेगळा. हे लेकीला सुचलं नव्हतं. तिने मान डोलावली.

गुरुवारी चारला, मैदान मोकळं असताना, बापलेकीने सात-सात पावलांवर एक अशा बाटल्या मांडल्या. निळ्या मैदानावर पांढऱ्या बाटल्यांच्या रांगा, जणू सगळ्या शहराचीच तपासणी निघाली होती. मास्तरांनी पंप सुरू केला, आठ मिनिटं धरून बंद केला. मग लेक सिरिंजने एकेका बाटलीतलं पाणी ओढून आकडा सांगायची आणि मास्तर वहीत लिहायचे. आठ. नऊ. साडेआठ. नऊ. मास्तरांची छाती हळूहळू फुगत होती. उजवा कोपरा, आठ. मधली रांग, अकरा. अकरा कसं, असं म्हणत ते डावीकडे सरकले.

तीन. पुढची, अडीच. पुढची, तीन.

मास्तरांनी सिरिंज स्वतःच्या हातात घेतली आणि पुन्हा ओढून बघितलं. तीनच.

ते गुडघ्यावर बसले आणि तळवा टर्फवर टेकवला. हाताला ओल लागली, पण हाताला लागते तेवढीच. मग त्यांनी मान वर केली. पश्चिमेच्या स्टँडवर गेल्या वर्षी क्लबने नवीन छप्पर घातलं होतं. दुपारचा वारा आता त्या छपरावरून घसरून खाली उतरत होता आणि पाच नंबरच्या तोफेची धार उचलून मैदानाच्या मधोमध नेऊन टाकत होता. खरं तर हे त्यांना केव्हाच कळायला हवं होतं. कळलं नाही, कारण चार वाजता त्याच छपराची सावली नेमकी त्याच कोपऱ्यावर पडत होती. सावलीतलं टर्फ गडद दिसतं. ओलं टर्फ पण गडद दिसतं. दारात उभे राहून मास्तर वर्षभर सावलीला पाणी समजत आले होते.

"किती आहे?" मागून आवाज आला.

उलटेराव सरावाला लवकर आला होता. खांद्यावर बॅग, हातात स्टिक, चेहरा नेहमीसारखा आंबट. लेक बाटल्या सोडून उभी राहिली.

"तीन," मास्तर म्हणाले. "बाकी सगळीकडे आठ-नऊ."

उलटेरावने वहीत डोकावून बघितलं. "मला वाटलं निम्मं असेल," तो म्हणाला. "म्हणजे निम्म्याहून कमी."

एवढंच. चष्म्याबद्दल माफी नाही की मोजलंत ते बरं केलंत म्हणून नाही. गेला आणि दुसऱ्या टोकाला जाऊन चेंडू मारायला लागला. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. बाकीचे एकवीस जण स्टिक उभी धरतात, चेंडू चार बोटं उडाला तरी तो स्टिकलाच लागतो. हा एकटा जमिनीलगत खेळतो. पाच-सहा मिलीलिटरचा फरक या माणसाला मनगटात कळला होता, आणि तोही जवळजवळ बरोबर. मास्तरांना तो अजूनही आवडला नाही. पण त्यांच्या ओळखीत पंपाच्या आवाजावरून टाकी सांगणारा दुसरा कोणी नव्हता, आणि तसलंच काहीतरी त्या पोराकडे होतं, हे त्यांच्या लक्षात आलं.

लेकीने विचारलं, आता शुक्रवारी काय करणार. ती जिंकल्यासारखी दिसत नव्हती. बापाच्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघत होती.

शुक्रवारी सेक्रेटरीसाहेबांच्या ऑफिसात मेहुण्यासकट सात-आठ सुलटे जमले होते. मास्तरांनी टाइप केलेला कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: डाव्या कोपऱ्यात वर्षभर पाणी कमी पडत होतं. मोजून बघितलं आहे. लक्षात आलं नाही ही चूक माझी. खेळाडूने सांगितलं ते खरं आहे. खाली सही केली आणि आकड्यांचं पान जोडलं.

मग सेक्रेटरीसाहेबांनी समजावून बघितलं: छप्पर समितीने घातलं, म्हणजे खापर समितीवर फुटणार, तो उलटेराव डोक्यावर बसणार, आणि मास्तरांना लोक काय म्हणतील याचा त्यांनी विचार केलाय का. मास्तर ऐकून घेत होते, कागद मात्र परत घेत नव्हते. शेवटी साहेबांचा आवाज चढला.

"पंपावर दुसरा माणूस बसवता येतो, मास्तर."

"बसवा," मास्तर म्हणाले. "फक्त त्याला सांगा, पाच नंबरचं तोंड दोन बोटं खाली घ्यायचं आणि तीन मिनिटं जास्त द्यायची. आणि दारातून बघायचं नाही. तिथून काही दिसत नाही."

मग त्यांनी तो कागद उचलला आणि बाहेर येऊन क्लबच्या नोटिशीच्या फळ्यावर स्वतःच्या हाताने टाचला. मेहुणा मागोमाग आला. त्याला राग आला होता.

"दाजी, शेवटी तुम्ही पण उलटेच निघालात."

"अरे, तो माणूस मला आजही डोळ्यासमोर नको असतो," मास्तर म्हणाले. "पण मैदान माझं आहे ना."

पुढचे दोन दिवस रस्त्यात कोणी हात हातात घेतला नाही. सलूनमध्ये त्यांना रांगेत बसावं लागलं आणि दाढीचे पूर्ण पैसे द्यावे लागले. उलट्यांनी त्यांना हार घालायचा घाट घातला, तर त्यांनाही मास्तरांनी दारातूनच परत पाठवलं. बायको एवढंच म्हणाली की बरं झालं, रोज शर्टाला इस्त्री करायचं वाचलं. पण त्या संध्याकाळी तिने शेजारणीला तो फळ्यावरचा कागद वाचून यायला सांगितलं, हे मास्तरांना नंतर कळलं.

रविवारी दुसरा माणूस काही आला नाही. चारच्या सुमाराला, मॅचच्या आधी मास्तरांनी नेहमीप्रमाणे पाणी मारलं, पाच नंबरला तीन मिनिटं जास्त. पहिल्या अर्ध्यात उलटेराव त्याच कोपऱ्यातून घुसला. सगळं स्टेडियम त्याच्याकडे बघत होतं, मास्तर फक्त चेंडूकडे. चेंडू जमिनीला चिकटून आला, केसभरही उडाला नाही. उलटेरावने फटका मारला आणि गोलकीपरने पाय घालून तो अडवला. पश्चिमेच्या स्टँडमध्ये जल्लोष झाला, आता पाण्याचं पण निमित्त संपलं म्हणून. पूर्वेचा स्टँड कीपरच्या नशिबाला दोष देत बसला. दोन्ही स्टँडमध्ये मिळून एकच माणूस खूश होता, आणि तो पंपाच्या दारात उभा होता.

मध्यंतराला शून्य-शून्य. मास्तर पंपाशी वळले तर मागे सेक्रेटरीसाहेब उभे. हळू आवाजात त्यांनी सांगितलं की आता बाजू बदलणार. डावा कोपरा समोरच्या संघाच्या वाट्याला येणार, त्यांचा मुख्य खेळाडू तिथूनच खेळतो. तेव्हा या वेळी पाच नंबरला जुन्याइतकंच द्या. कोणाला कळतंय.

मास्तरांनी पंपाचं बटण दाबलं आणि चप्पल काढली.

"हे लाल बटण, पंप बंद करायचं," ते म्हणाले. "मी तिकडून हात वर केला की दाबा. त्याच्या आधी नाही."

आणि ते अनवाणी मैदानाच्या कडेने चालत गेले, कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. तोफ फिरत आली, धार त्यांच्या अंगावरून गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली. चष्मा नसलेला, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला साठीचा माणूस पायाच्या बोटांनी टर्फ चाचपत होता. पूर्वेच्या स्टँडमधून कोणीतरी ओरडून विचारलं, मास्तर, साबण देऊ का? पश्चिमेच्या स्टँडमधून उत्तर आलं, आधी टॉवेल द्या. आवाज मेहुण्याचा होता. दोन्हीकडचे लोक हसले. लांब पंपाच्या दारात सेक्रेटरीसाहेब लाल बटणावर बोट ठेवून, मान उंचावून, त्या हाताकडे बघत होते. मास्तरांनी अजून हात वर केला नव्हता.