गोरखने खांदा दाबला

सगळ्यात आधी एक सांगतो, मग पुढे वाचायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. भूत, भानामती, अंगात येणं — यातलं काहीही मी मानत नाही. आमच्या गावात ज्या चिंचेखालून लोक दिवसाही जात नसत, तिच्याखाली मी सुट्टीवर आलो की बाज टाकून झोपायचो. आजही झोपतो. त्यामुळे "फौजी घाबरला असेल" हे उत्तर कृपा करून देऊ नका.

फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालो. एक शौर्यपदक आहे. सध्या पाटोद्यात धाकट्या भावाच्या बी-बियाण्यांच्या दुकानावरच्या खोलीत बसून पुस्तक लिहितोय — शहरातल्या लढाईवर. डोंगरातली लढाई सगळ्यांनी सिनेमात पाहिलीय. पण गल्ली, जिना, स्वयंपाकघर, वाळत घातलेले कपडे आणि त्यामागे बंदूक... हे कोणी नीट सांगत नाही.

अशा लढाईत घरात शिरायची एक पद्धत असते. दाराशेजारी भिंतीला चिकटून एकामागे एक उभं राहायचं. पहिल्याने नजर दारावरून हलवायची नाही, मागे वळून बघायचं नाही. मागचा तयार झाला की तो पहिल्याचा खांदा दाबतो — एकदाच. मग शिरायचं. माझ्या मागे कायम गोरख असायचा. आपल्या बीडचाच, पालीचा, धनगराचा पोरगा. तो मात्र दोनदा दाबायचा. साहेबांनी किती झापलं, पण सवय काही गेली नाही. "दोनदा कावून बे, एकदा का नाही?" असं मी विचारलं की नुसता हसायचा.

त्या दिवशी काश्मीरमधल्या एका कसब्यात भर दुपारी आम्ही गल्लीतून पुढे सरकत होतो. फायरिंग इतकं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. मी शेवटच्या घराच्या दाराशी पोचलो, भिंतीला टेकलो, वाट पाहिली. खांदा दाबला गेला. दोनदा. मी आत शिरलो. आत दोघे होते. पुढचं सगळं पदकाबरोबरच्या सन्मानपत्रात आहे.

झाल्यावर मी ओरडलो, "गोरख, जिना बघ!" आणि वळलो. मागे कोणीच नव्हतं.

बाहेर आलो तर गोरख गल्लीच्या तोंडाशी... ब्लँकेटखाली. मी दाराकडे धावलो तेव्हाच त्याला गोळी लागली होती. आमच्या तुकडीतल्या पोरांनी त्याला मागे ओढलं, तोवर तो गेलेला. त्याच पोरांनी मला त्यानंतर दाराशी उभं पाहिलं होतं — एकट्याला.

मी हे जसंच्या तसं लिहिलं. पुण्याहून प्रकाशनाच्या संपादक बाईंचा फोन आला.

"सर, बाकी पुस्तक अस्सल आहे. पण हा खांद्याचा भाग काढूया. वाचकाला मग बाकीचंही खोटं वाटेल. आणि सन्मानपत्रात तर तुम्ही एकट्याने आत शिरलात असं आहे ना?"

"आहे. पण ते लिहिणारा दाराशी नव्हता, मॅडम. मी होतो."

"तणावात मेंदू असे खेळ करतो, सर."

"करत असेल. मग इतक्या वर्षांत इतक्या दारांशी माझ्या मेंदूने तो एकदाच कसा केला?"

फोन आपटला खरा, पण आतून हललो होतो. ती ओळ काढली तर त्या शेवटच्या दारातून गोरखच पुसला जाणार. ठेवली तर त्याच्या घरच्यांना वाटणार, पोराच्या मरणावर हा गोष्टी रचतोय. शेवटी ठरवलं, त्याच्या वडिलांना विचारायचं. आबा नको म्हणाले तर काढायची.

पालीला गेलो. आबा बिंदुसरा धरणाच्या कडेला मेंढरं चारत होते. मी पिशवीतून कागद काढले तर म्हणाले, "वाचून नगं दाखवू. तोंडानं सांग."

सांगितलं. शेवटी "खांद्यावर हात पडला आबा... गोरखचा," एवढंच जेमतेम बोललो. किती वेळा दाबला वगैरे बोललोच नाही.

आबा उठले, माझ्या मागे आले आणि माझा खांदा दाबला. दोनदा. तीच पकड, अंगठा मानेकडे.

"आबा... दोनदा कावून?"

"लांडगा आला की वरडता येत न्हाई, मेंढरं बिचकत्यात. म्हनून अंधारात पोराचा खांदा दाबायचा. एकदा दाबला म्हंजी थांब. दोनदा म्हंजी जा, मी मागं हाय. ल्हानपनापास्नं त्याला तेच शिकिवलंय."

म्हणजे साहेबांनी कितीही झापलं तरी त्याला एकदा दाबणं जमणारच नव्हतं. त्याच्या लेखी तो मला थांबवणं झालं असतं. मी तिथेच बसून रडलो, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

"आबा, हे पुस्तकात ठेवू का काढू?"

"काढतो कावून?" आबा चिडलेच. "त्यो हुता न्हवं तिथं?"

"होता."

"मंग?"

परत येताना गाडीतूनच बाईंना कळवलं, ओळ राहणार. त्या विचार करून सांगते म्हणाल्या, अजून सांगितलेलं नाही. नाही छापलं तर दुसरीकडे जाईन, तिथेही नाही छापलं तर भावाच्या दुकानात बियाण्यांशेजारी ठेवून विकीन.

गेलेल्या माणसाने खांदा कसा दाबला, हे मला आजही माहीत नाही. कोणाकडे उत्तर असेल तर सांगा, ऐकून घेईन. पण सन्मानपत्रात 'एकट्याने' असा एक शब्द आहे. माझ्या पुस्तकात तो येणार नाही.