माझी दाढ आणि मावशी

पवनानगरच्या आमच्या घरमालकीण मावशींइतकी लोकांच्या दातांवर डोळा ठेवून असणारी बाई अख्ख्या पवन मावळात दुसरी झाली नसेल. गावात नवी सून आली की बाकीच्या बायका तिचे दागिने बघत. मावशी तिला हसवत आणि बैल घेताना बघतात तसे दात बघून घेत. तिला दिवस गेले की मग विचारायलाच नको. उलटीनंतर नुसत्या पाण्यानं चूळ भरायची, ब्रश अर्ध्या तासानं आणि तोही मऊ, हे त्या भर बाजारात मासळी निवडता निवडता सांगत. सरपंचांच्या सुनेला तर त्यांनी चालत्या जीपमधून ओरडून विचारलं होतं, "चूळ भरली का गं?" स्वतःच्या तोंडात चारच दात. "तीन बाळंतपणांत तोंड रिकामं झालं. तवा सांगाया कुनी न्हवतं," म्हणत.

मी तिथल्या शाळेत शिक्षिका. पाचव्या महिन्यात माझी दाढ ठणकू लागली. मावशी रोज म्हणत, "बाई, आ करा. दाक्तरला दावू." पण आईनं फोनवर बजावलं होतं, पोटुशीनं दाताला हत्यार लावू नये. पोरांना अंधश्रद्धेचा धडा शिकवणारी मी आईचं ऐकून बसले. वर मावशींना थाप मारली, तळेगावला दाखवून आले म्हणून. त्यांनी गल्लीभर माझं कौतुक केलं. "शिकलेल्या मानसाचं आसं आसतं."

सातव्या महिन्यात गाल टम्म सुजला, ताप भरला. मावशींनीच मला लोणावळ्याला नेलं. दवाखान्यात माझ्या वर्गातल्या दोन मुलांच्या आया बसलेल्या. डॉक्टर भडकले, "पू झालाय. बाळाचा तरी विचार करायचा. गरोदरपणी दात दाखवायचे नाहीत, हे सांगितलं कुणी?"

मी त्या दोन आयांकडे पाहिलं.

"म्या सांगितलं," मावशी म्हणाल्या. "जुनं मानूस मी. पोरीनं ऐकलं माजं."

डॉक्टरांनी त्यांना यथेच्छ झापलं. जे त्या बाजारात सांगत तेच त्यांना समजावलं, आणि त्या मान डोलावत राहिल्या. माझ्या तोंडात कापूस नंतर घातला. तोवर बोलायला मी मोकळी होते.

परतताना कशीबशी म्हणाले, "मावशी, चुकले."

"गप बसा. दाक्तरनं बोलायचं न्हाई सांगितलंय."

मुलगी सुखरूप झाली. ती आता सात वर्षांची आहे, तिला त्याच डॉक्टरांकडे नेते. मागच्या खेपेला त्यांनी हसत विचारलं, "त्या तुमच्या अडाणी मावशी काय म्हणतात?"

"गेल्या," मी म्हणाले. पुढचं सांगायला जीभ रेटली नाही.