अण्णा विचारत होते

जेवणाच्या टेबलावर मुलगी कॉलेजचा इंग्रजी निबंध लिहीत बसली होती. कुणा अभ्यासकाचं मत उतरवताना तिने 'क्लेम्स' लिहिलं, खोडलं आणि 'सजेस्ट्स' केलं. मी विचारलं, "काय फरक पडतो गं?"

"बाबा, क्लेम्स म्हटलं की मला ते पटलेलं नाही असं वाटतं. दुसऱ्याचं बोलणं आहे, जपून मांडायला नको?"

मला एकदम आई आठवली. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण हेच काम तिने जन्मभर केलं. आमच्या घरी वडील मुलांशी थेट बोलत नसत. सगळं आईमार्फत यायचं. अण्णा बाहेरच्या खोलीतून कडाडायचे, "कुठे उंडारतायत तुझे चिरंजीव?" आणि मी मागच्या दाराने आत शिरलो की आई ताट वाढत म्हणायची, "अण्णा विचारत होते रे, कुठे राहिलास." अण्णांचा आवाज मी अंगणातूनच ऐकलेला असायचा. तरी मला आईचंच खरं वाटायचं.

आता आई नाही. अण्णांचं बोलणं माझ्यापर्यंत आणायला कुणीच उरलं नाही. परवा त्यांच्याकडून निघालो तर ते दारापर्यंत आले आणि माझ्या चपलांकडे बघत घुटमळले.

"तुझी आई म्हणायची," ते म्हणाले, "तू आलास की घर भरल्यासारखं वाटतं."

आईच्या तोंडून मी हे कधी ऐकलं नव्हतं.

"हो अण्णा," मी म्हटलं, "मलाही म्हणायची."