टीव्ही नानांच्या बाजूला होता

धुळ्याला माझ्या ऑफिसात चुलतभाऊ सुभाषचा फोन आला. "दादा, नाना गेले." मी पहिलाच प्रश्न विचारला, "पोटाचं काही झालं का?" तो म्हणाला, "नाही. दुपारी जेवून बाजेवर पडले, ते उठलेच नाहीत." ऐकून मला हायसं वाटलं… आणि मग त्याची लाज वाटली. या गोष्टीला महिना झाला. नानांविषयी, म्हणजे माझ्या थोरल्या काकांविषयी, लिहायचं तर तिथूनच सुरुवात करायला हवी.

नाना चोपड्याजवळचे केळीचे शेतकरी. माझे वडील पोटाच्या कॅन्सरनं गेले तेव्हा मी शाळेत होतो. पुढे मला शिकवलं ते नानांनी. ऑपरेशनला वडिलांचं पोट उघडलं आणि महिन्याभरात सगळं संपलं. हात लावला म्हणून आजार पसरला, असं आमच्या घरात सगळे मानत. शिकलेला मीही मानत होतो.

आठ-नऊ वर्षांपूर्वी नानांचं पोट दुखायला लागलं, भाकरी सुटली, अंगावरचं मांस उतरलं. धुळ्याला त्यांना बेरियमचं पांढरं औषध पाजून पोटाचा एक्स-रे फोटो काढला. डॉक्टरांनी मला एक चिठ्ठी दिली : फोटोत नीट कळत नाही, जळगावला दुर्बिणीची नवी तपासणी सुरू झाली आहे, ती लगेच करून घ्या. ती चिठ्ठी मी घडी घालून कपाटात ठेवली. चार महिने. घरी सुभाषला आणि काकूला एवढंच सांगितलं, की बाबांसारखंच दिसतंय, आता हात लावण्यात अर्थ नाही, नानांना मात्र कळू देऊ नका. आजाऱ्यापासून आजार लपवायचा, ही आमच्याकडची रीतच. आठवड्यात गावभर झालं. काकू रोज काहीतरी गोड करू लागली. वीस वर्षं बांधावरून भांडणारे शेजारचे शंकर आबा आंब्यांची पाटी घेऊन दारात आले. मी जायचो, पण नानांजवळ एकटा बसायचो नाही… कुणीतरी सोबत असल्याशिवाय नाहीच.

मग नानांना शेतात चक्कर आली, शौचाला काळं होऊ लागलं, आणि माझा धीर सुटला. त्यांना घेऊन जळगाव गाठलं. डॉक्टर तरुण होते. त्यांना दाराशीच गाठून म्हणालो, "जे काही निघेल ते मला बाहेर सांगा." ते म्हणाले, "बाहेर कसं सांगू? टीव्ही त्यांच्याकडेच तोंड करून आहे."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटलं होतं, डॉक्टर नळीला डोळा लावतील आणि त्यांनाच काय ते दिसेल. नाना डाव्या कुशीवर, घशात औषध मारलेलं, दातांत प्लास्टिकचं कडं. काळी नळी आत गेली आणि समोरच्या पडद्यावर त्यांचं पोट उजळलं, ओलं, गुलाबी. मी त्यांचे पाय धरून उभा होतो, मान खाली घालून. डॉक्टरांचा आवाज आला, "नाना, ही बघा जखम. अल्सर आहे. गाठबिठ काही नाही. गोळ्यांनी बरी होईल." मी वर बघितलं. नाना तोंडात नळी असताना पडद्याकडे बोट दाखवत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते नळीचं की कसलं, कोण जाणे.

बाहेर बाकावर बसल्यावर मी सगळं सांगून टाकलं. चिठ्ठीचंही. नाना बसक्या आवाजात म्हणाले, "शंकर आबा मन्हाशी गोड बोलना, तवयच माले समजनं. आते मी वर जास." मी रडायला लागलो, तसे म्हणाले, "कसाले रडस? तू चिठ्ठी दिली असती तरी मी उना नसता. मालेबी भ्याव वाटे." ते खरं होतं की माझ्यासाठी बोललेलं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. चार महिने त्यांनी जे सोसलं ते मात्र माझ्यामुळे, यात काही फरक पडत नाही.

गोळ्यांनी ते खरंच बरे झाले. शंकर आबांनी पुन्हा बांध उकरायला सुरुवात केली, तेव्हा नाना खुशीत म्हणाले, "आते मी पक्का बरा शे!" त्यानंतर गावात कुणाचं पोट दुखलं की नाना त्याच्यासोबत जळगावला निघायचे, आणि आत जाऊन बजावायचे, "डोळा झाकू नको. तुन्हं पोट शे, तूच देख."

नानांचं दिवसकार्य झालं त्या सकाळी सुभाषनं मला गोठ्यामागे नेलं. काकूच्या पोटाच्या सोनोग्राफीचा कागद खिशातून काढला, म्हणाला, "दादा, आईला आत्ताच नको सांगायला." मी कागद घेतला आणि घरात गेलो. नानांच्या बाजेवर काकू एकटीच बसली होती. मी तिच्याशेजारी बसलो आणि पहिल्या ओळीपासून सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. पित्ताशयात खडे होते. ऑपरेशन लागणार होतं.

काकूनं पदर सारखा केला. म्हणाली, "मंग कधी जानं शे?"