दोन मुठी कमी

जिभेने मीठ ओळखणारे घरोघरी भेटतील. नाकाने ओळखणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि तो आमच्या सिरसाळ्यात राहतो. आम्ही सारे त्यांना आचारीकाका म्हणतो. नैवेद्य दाखवल्याशिवाय अन्न उष्टं करायचं नाही, हा गावजेवणाचा नियम. त्यामुळे काकांनी कढईतला थेंबही कधी जिभेला लावला नाही. उकळत्या वरणावर वाकायचे, डोळे मिटून वाफ ओढायचे आणि फर्मान सोडायचे, "दोन मुठी कमी हाय." दोन म्हणजे दोनच. "जीभ चटोर असती, नाक इमानदार," हे त्यांचं तत्त्वज्ञान. हे इमानदार नाक रस्त्यानेही गप्प जात नसे. आमच्या खिडकीखालून ते ओरडायचे, "सूनबाई, भाजीत मीठ राह्यलं!" बायको चरफडत चाखायची, आणि मीठ खरंच राहिलेलं असायचं. पुढे पुढे त्यांची चाहूल लागली की ती खिडकीच लावून घ्यायची.

आमच्या मुलीच्या बारशाचा स्वयंपाक त्यांचाच. तेव्हाच त्यांनी जाहीर केलं होतं, "हिच्या लग्नाचं वरणबी माझंच." पण व्याह्यांनी लग्नाला कपिलधारच्या वाटेवरचं नवं, महागडं रिसॉर्ट ठरवलं, आणि तिथे बाहेरचा आचारी चालत नाही. काकांना हे सांगायला माझी जीभ रेटेना. शेवटी मुलगीच म्हणाली, "काका, रांधू द्या त्यांला. पण पास तुमीच करायचं."

रिसॉर्टवाल्यांनी चव बघायला बोलावलं तेव्हा काका कडक धोतरात आले आणि मऊ खुर्चीवर मांडी घालून बसले. रुमालाचं केलेलं कमळ त्यांनी उलगडून खांद्यावर टाकलं. भल्यामोठ्या पांढऱ्या ताटलीत मधोमध डावभर वरण आलं, वर कोथिंबिरीचं एकच पान. "निवद एवढाच? देव आजारी हाय का?" काकांनी वेटरला विचारलं. मग ते वाकले, डोळे मिटले. तरुण शेफ हात बांधून उभा होता. काका नेहमीपेक्षा बराच वेळ वाकून राहिले.

"मीठ बराबर हाय."

मी चमचा तोंडात घातला. वरण ठार आळणी होतं.

शेफनेही चाखलं आणि तो ओशाळला. "सॉरी सर, मीठ..."

"बराबर हाय," मुलीने त्याला मध्येच तोडलं, आणि ते आळणी वरण चाटूनपुसून संपवलं. तिचा एवढा अभिमान मला तिच्या निकालाच्या दिवशीही वाटला नव्हता.

काका तिच्याकडे बघत राहिले. मग मिठाची डबी तिच्यापुढे सरकवून हळूच म्हणाले, "पोरी, औंदाच्या तापापासून कायबी वास येत न्हाई. कुणाला बोलू नको."

लग्नाच्या दिवशी काका रिसॉर्टच्या भटारखान्यात पातेल्यावर वाकले, तेव्हा मुंडावळ्या बांधलेली मुलगी शेजारी उभी होती. नैवेद्याआधी चाखायचं नाही हा नियम तिने मोडला. देवाने समजून घेतलं असेल. तिने काकांच्या तळहातावर दोन बोटं टेकवली. काकांनी डोळे उघडले आणि जुन्याच खणखणीत आवाजात म्हणाले, "दोन मुठी कमी हाय!" शेफ मिठाकडे धावला.

मुलगी आता सासरी आहे. बायकोला मी काही बोललो नाही, पण तिच्यापासून काही लपत नाही. हल्ली ती खिडकी उघडी ठेवते. काका खालून मुकाट्याने जायला लागले की तीच ओरडते, "काका, मीठ टाकलंय हो!"

काका थांबतात, मान वर करून एक लांब श्वास घेतात.

"ठावं हाय, सूनबाई. वास आला."